सड्यावर थांबणारी गाडी

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सकाळची वेळ. रक्कम दोन हजार आठशे रुपये, कॉइल, वायर, लोखंडी पट्टी आणि मजुरी धरून. हजर तिघे: मालूकाकी, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारा नझीर आणि शेजारी म्हणून मी. काम असं ठरलं होतं की काकीच्या जुन्या फियाटची इग्निशन कॉइल काढून नवी घालायची, आणि ती पूर्वीच्या जागी न बसवता दुसरीकडे न्यायची. इतकं नेमकं लिहितो, कारण पुढे जे झालं त्याबद्दल आमच्या वाडीत वेगवेगळं बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांपैकी तिथे कोणी नव्हतं. काकीही आता नाही.

मालूकाकी नाचणे गावात आमच्या शेजारी राहायची. दोन्ही आवारांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. तिच्या बाजूने ती उभी राहिली की फक्त डोकं आणि चष्मा दिसे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने सगळी नोकरी काढली होती, तीही ट्रंक कॉल माणसांनी जोडून द्यायचे त्या काळापासून. त्या नोकरीने तिला काही सवयी लावल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही त्या सुटल्या नाहीत. ऐकताना ती मान डावीकडे कलती करायची आणि तळवा कानावर ठेवायची. समोरच्याने सांगितलेलं सगळं पुन्हा म्हणून दाखवायची. कोळीण दारात आली की काकी म्हणे, "मुडदुसे एक वाटा, सुंगटं अर्धा वाटा, बरोबर?" कोळीण एकदा वैतागून म्हणाली होती, "बाय, मी म्हावरं विकतंय, जबानी नाय देत." काकीने तेही मनातल्या मनात पुन्हा म्हटलं असावं, कारण तिचे ओठ हलले.

फोन ती स्वतःहून कधी ठेवत नसे. समोरच्याने ठेवला, तरी थोडा वेळ कानाला तसाच धरून असायची. मी एकदा विचारलं, आता काय ऐकतेस? म्हणाली, लाइन मोकळी झाली का ते बघते.

ती देवभोळी नव्हती. आमच्याकडे भूमिपूजनापासून विहिरीचा पंप बदलण्यापर्यंत आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. तिच्या घरी ते भाऊकाका घालत आणि ती मागे हात जोडून उभी राही, एवढंच. तिच्या नोकरीतली एक गोष्ट मात्र ती कधीमधी सांगायची. दाभोळकडच्या एका घराचं कनेक्शन बिल थकल्यामुळे तोडलं होतं. तार खांबावरूनच कापलेली. तरी दुपारच्या पाळीत बोर्डावर त्या नंबरचा खटका पडला. काकीने पिन लावली आणि "नंबर सांगा" म्हटलं. पलीकडे कोणी बोललं नाही. पाण्यात वल्हं पडावं तसा आवाज येत होता. तिने तपासणीला कळवलं, माणूस गेला, तार कापलेलीच होती. ऐकणारे मग भुताखेतांचं काढायचे, तेव्हा काकीला राग येई. ती म्हणायची, "मला भुतं बितं दिसत नाहीत. खटका पडला की मी उचलते. उचलायचं नाही, असं नसतं."

भाऊकाका तिचे यजमान. पावसच्या अलीकडे त्यांची आंब्याच्या कलमांची बाग होती आणि आठवड्यातून एकदा ते गाडी घेऊन तिकडे जात. मुलंबाळं नव्हती. माणूस अबोल. एका गुरुवारी ते बागेत पोहोचलेच नाहीत. भाट्याचा पूल ओलांडला, किनाऱ्याची सुरूची बनं संपली की रस्ता चढायला लागतो आणि गोळपच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, येतो. तिथल्या पहिल्या वळणावर गाडी बाजूला उभी होती. दार लावलेलं, किल्ली जागेवर, छत्री डाव्या सीटवर. पोलिसाने किल्ली फिरवली तर गाडी लगेच चालू झाली. माणसं दहा-बारा दिवस सडा पालथा घालत होती. बंद पडलेल्या चिरेखाणी, विहिरी, समुद्राकडची उतरण, सगळं बघून झालं. चप्पलसुद्धा मिळाली नाही.

त्या वळणावर कातळात कोरलेलं एक चित्र आहे. माणूस उताणा निजलाय, पाय जुळलेले, हात अंगाबरोबर. हल्ली लोक बघायला येतात. तेव्हा गुराख्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. शोधणारे दुपारी त्याच्याच आसपास डबे सोडून जेवले, कारण तेवढाच सपाट तुकडा होता.

त्यानंतर मालूकाकी साठीच्या पुढे गाडी शिकली. शिकवणाऱ्याने नवी, हलकी गाडी घ्या म्हणून सांगितलं. हिने हीच चालवली. बाग बघणं भाग होतं म्हणून दर गुरुवारी ती त्याच रस्त्याने जायची, आणि त्या वळणावर गाडी बंद पडायची. चढ संपला की एक आचका, दुसरा आचका, आणि गप्प. पहिल्यांदा ती घाबरली असेल. पुढे तिने त्याची पद्धत बसवून टाकली. किल्ली बंद करायची, काच खाली घ्यायची, हात मांडीवर ठेवून बसायचं. पंचवीस-तीस मिनिटांनी गाडी चालू व्हायची. येताना मात्र ती कधीही थांबली नाही.

मी एकदा तिच्याबरोबर होतो. माझी पाठ दुखत होती, तिने वैद्याकडे सोडते म्हणून गाडीत घेतलं. वळणावर गाडी थांबली. भर दुपारचे बारा, कातळावरून गरम वाफ उठत होती, एक पक्षी नाही की एखादं जनावर नाही. मी उतरून धक्का देऊ का विचारलं. तिने मान कलती करून मला हातानेच थांबवलं. अर्धा तास आम्ही तसे बसलो. मग तिने किल्ली फिरवली. वाटेत ती एवढंच म्हणाली की आज काही नव्हतं.

गोळपच्या लोकांनी या थांबण्याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. वळणाचा राखणदार मान मागतो, असं ठरलं. कोणीतरी तिथे दगडाला शेंदूर लावला. हळूहळू दुसरे गाडीवालेही थांबून विडा ठेवू लागले. एका टेम्पोवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलं की त्याची गाडीसुद्धा तिथे विडा ठेवल्याशिवाय हलत नाही. मी विचारलं, न ठेवता कधी बघितलंस? तो म्हणाला, उगाच कशाला बघू.

बारा वर्षं झाली तेव्हा सावर्ड्याहून काकीचे दीर अण्णा आले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. अण्णा वाईट माणूस नव्हते. भावाला गती मिळत नाही, या विचाराने त्यांना झोप येत नव्हती, आणि बाग भावाच्या नावावर अडकली होती हेही होतंच. दोन्ही गोष्टी ते एकाच दमात बोलायचे, लपवायचे नाहीत. काकीने ऐकून घेतलं आणि संक्रांतीपर्यंत मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी तिने मला हाक मारली. गाडीतलं कळणारा, पण बडबड न करणारा माणूस आण, म्हणाली. कशाला, तर वळणावर गाडी का थांबते ते बघायचं. मी म्हटलं, इतकी वर्षं बघितलं नाहीस आणि आता?

"आता अण्णाला जबाब द्यायचाय," ती म्हणाली. "कॉल लागत नसला की आम्ही आधी तार तपासायचो. तार नीट असून कोणी बोलत नसेल, तरच पलीकडे माणूस नाही असं लिहायचं. मी तारच तपासलेली नाही."

तिने मला तिचा हिशेब नीट समजावून सांगितला. गाडीत दोष निघाला तर तो काढून टाकायचा. त्यानंतरही गाडी वळणावर थांबली, तर भाऊंचे दिवस करायचे नाहीत. थांबली नाही, तर अण्णाला बोलवायचं. मला ते बरोबर वाटलं. जोखीम किती आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. आवाज मात्र खाली गेला होता.

म्हणून नझीर आला. तो राजीवड्याचा, दुबईत गाड्यांच्या वायरिंगवर काम करून परतलेला, गप्पिष्ट निघाला. बडबड्या चालेल का, असं मी काकीला आधीच विचारून ठेवायला हवं होतं. त्याने बोनेट उघडलं, गाडी आवारातच अर्धा तास चालू ठेवली आणि मग फडकं भिजवून कॉइलवर ठेवलं. फडक्यातून वाफ आली.

"काकी, ह्या बघा," तो म्हणाला. "ही कॉइल इंजिनाला मिठी मारून बसलीय. सायलेंसरचा पाइप निघतो त्याच्याच बाजूला. एवढी तापली की आतली तार करंट सोडते, प्लगला ठिणगी नाय. थंड झाली की परत शहाणी." घर ते सडा, त्यात शेवटी चढ, एवढ्यात ती पुरेशी तापते, असं त्याचं म्हणणं. येताना उतार, इंजिनाला मेहनत नाही, म्हणून काही होत नाही. मी अंतर आणि वेळ मांडून बघितली. जमत होतं.

मूळ कॉइल मडगार्डच्या आतल्या अंगाला होती, हे तिथल्या दोन भोकांवरून दिसत होतं. खाऱ्या हवेने तिथली जुनी पट्टी खाल्ली असणार. पण इकडे इंजिनाला आणली कोणी? नझीरने स्क्रू सोडले, पट्टी हातात घेऊन उलटी-पालटी केली आणि हसला. हे कुठल्या गॅरेजचं काम नाय, म्हणाला, ही आंब्याच्या पेटीची पट्टी. घरात कोणीतरी वाकवलीय.

काकीने पट्टी मागून घेतली. त्या हप्त्यात भाऊंचं हत्यारांचं खोकं बाहेर होतं, ती म्हणाली. गाडी नीट केली, म्हणाले होते. गुरुवारी गेले.

भाऊकाका त्या वळणावर का उतरले, हे बारा वर्षं कोणाला कळलं नव्हतं. पोलिसांना नाही, अण्णांना नाही. गाडी बंद पडली म्हणून उतरले. स्वतःच बांधलेल्या कॉइलमुळे भर दुपारी सड्यावर उभे राहिले, आणि गाडी थंड होईपर्यंत चार पावलं चालले असतील. पुढचं काही त्या पट्टीवर लिहिलेलं नव्हतं.

"नवी लाव," काकी म्हणाली. "इंजिनापासून लांब."

नझीरने बॅटरीच्या समोरच्या बाजूला, जिथे जाळीतून वारा येतो, तिथे नवी पट्टी ठोकली. कॉइल उभी बसवली, दोन्ही वायरी लांब केल्या, प्लगकडे करंट नेणारी जाड वायर पाइपापासून दूर फिरवून नेली. गाडी तासभर चालवून त्याने मला कॉइलला हात लावायला सांगितलं. कोमट होती.

त्याच दुपारी आम्ही तिघे निघालो. भाट्याचा पूल गेला, बनं गेली, चढ लागला. काकीने गिअर बदलला. वळण आलं तशी ती पुढे वाकली, आणि गाडी वळणावरून सरळ निघून गेली. मागून नझीर खुशीत म्हणाला, "गेली बघा." काकीने आरशातून मागे पाहिलं. पुढे बागेपर्यंत ती त्याच गिअरमध्ये गेली आणि इंजिन ओरडत राहिलं.

एका कॉलवर ती कधी भरवसा ठेवत नसे. पुढचे दोन गुरुवारही तिने पाहिले. दोन्ही वेळा गाडी थांबली नाही. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी तिने सावर्ड्याला फोन लावला. गडग्यापलीकडून मला ऐकू आलं. "अण्णा, पलीकडे कोणी नाही," ती म्हणाली. त्या दिवशी फोन तिने आधी ठेवला.

विधी पावसच्या बाजूला नदीकाठी झाला. बायका येत नाहीत म्हणून अण्णांनी नको सांगितलं होतं. ती आली, गाडीतच बसून राहिली. भटजी शांत, बेताचे बोलणारे. त्यांनी काळ्या दगडावर दर्भ अंथरून त्यावर पळसाच्या पानांचे देठ मोजून लावले. पाय जुळवून, हात अंगाबरोबर. डोक्याच्या जागी नारळ. सड्यावरच्या कातळातल्या माणसाची लांबी मी कधी मोजलेली नाही, पण तो आणि हा एकाच मापाचे वाटले. अण्णांनी अग्नी दिला. पानं ओली होती, धूर खूप झाला आणि तो वर न जाता नदीवरून, पाण्याला धरून रस्त्याकडे गेला.

अण्णा आणि भटजी जीपने पुढे निघाले. मी काकीच्या शेजारी पुढे बसलो. येतानाचा रस्ता, थोडीशी चढण आणि मग सगळा सपाट सडा. या बाजूने ही गाडी कधी थांबली नव्हती. वळणावर इंजिनाने आचका दिला नाही. नुसता आवाज बंद झाला आणि गाडी घरंगळत जाऊन कडेला थांबली.

मी उतरून बोनेट उघडलं. ऊन डोक्यावर होतं, पत्र्याचा हाताला चटका बसला. वायरी जागेवर, पट्टी घट्ट. कॉइलवर मी पूर्ण तळवा ठेवला. ती गार होती. चालत्या गाडीची कॉइल गार असत नाही, कोमट तरी लागते. ही माठासारखी गार होती, इतकी की तळव्याला ओल लागली.

मी काचेतून काकीकडे पाहिलं. मान डावीकडे कललेली, तळवा कानावर. बराच वेळ ती तशीच होती. मग तिने आडवं होऊन माझ्या बाजूचं दार आतून उघडलं आणि उघडंच ठेवलं.

"अरविंद," ती म्हणाली, "तू मागे बस."

बोनेट लावताना गाडी डाव्या अंगाला किंचित बसली, असं मला वाटलं. तेव्हा माझे दोन्ही हात बोनेटवर होते. माझ्याच वजनाने झालं असेल. जेवढं वाटलं तेवढं लिहिलं. मी मागे बसलो. तिने हात लांब करून पुढचं दार ओढून घेतलं, दोनदा तपासलं. किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. उतारावर तिने इतकी सावकाश नेली की एक सायकलवाला पुढे गेला. भाट्याच्या पुलावर तिने डाव्या बाजूची काच खाली केली. वारा सगळा मागे माझ्या तोंडावर आला.

त्यानंतर ती दोन पावसाळे जगली. सड्याकडे पुन्हा गेली नाही. बाग अण्णांना कराराने दिली, नाव बदलू दिलं नाही. त्या दोन वर्षांत मी तिला रोज पाहत होतो, तरी ती म्हटलं की मला विधीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. अण्णा आणि भटजी पुढच्या दिवसांची तयारी घेऊन आले. काकी पायरीवर येऊन उभी राहिली. दार मागे ओढून घेतलेलं.

"पुढचं काही करायचं नाही," ती म्हणाली.

अण्णांनी तिला समजावलं. आवाज चढवला नाही. वहिनी, अग्नी दिलाय, आता मध्ये सोडता येत नाही, दोष लागतो, असं म्हणत राहिले.

"अग्नी पानांना दिलात, अण्णा."

अण्णा भटजींकडे बघायला लागले. भटजींची नजर काकीच्या खांद्यावरून दाराच्या फटीकडे गेली होती. ते थोडा वेळ तिथे बघत राहिले, मग त्यांनी उपरणं सावरलं आणि अण्णांच्या कोपराला धरून एक पायरी खाली उतरले.

काकीने पदराआडचं पाकीट पुढे केलं. तेरा दिवसांचे पाच हजार एकशे एक ठरले होते. काम एका दिवसाचं झालं तर एका दिवसाचे द्या, असं भटजी खाली मान घालून म्हणाले. काकी नको म्हणाली. ठरले तेवढे पूर्ण तिने त्यांच्या हातावर ठेवले, पायरीवर, उभ्या उभ्या, आणि दोघांपैकी कोणालाही आत बोलावलं नाही.